केसभर मागे

अणुभट्टी चालवायला एक रीत पुरते, पण ती थांबवायला दोन लागतात. आणि त्या दोघींनी एकमेकींचं तोंडसुद्धा पाहायचं नसतं. वीजकेंद्रात नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याच्या कानावर हे घातलं जाई. त्याने भाबडेपणाने विचारलंच, की असं का, तर जुनी माणसं सांगत, "अरे, दोघी गळ्यात गळा घालून राहिल्या, की एकीला ताप आल्यावर दुसरीही अंथरूण धरते. मग भट्टीला आवरायला उठणार कोण?"

पहिली रीत गजांची. भट्टीच्या माथ्यावर ते गज विजेच्या चुंबकांनी उचलून धरलेले असत. काही विपरीत घडलं की वीज तुटायची, चुंबकाची पकड सुटायची आणि गज आपल्याच भाराने खाली उतरून भट्टीचा जोर शोषून घ्यायचे. दुसरी रीत विषाची. भट्टीच्या विषाची, माणसाच्या नव्हे. जाड टाक्यांत ते पाण्यात कालवून ठेवलेलं, त्याच्या पाठीशी दाबून भरलेला वायू. झडपा उघडल्या की क्षणात सगळं भट्टीच्या पोटात, आणि भट्टीचा जोर संपला. गज अडकले तर विष, विष अडलं तर गज.

दोन्हींचं सगळं वेगळं. गजवाले हिरवी हेल्मेटं घालत, विषवाले पिवळी. हिरव्यांच्या तारा एका भिंतीतून जात, पिवळ्यांच्या पार दुसऱ्या टोकाच्या भिंतीतून. हिरव्यांच्या स्क्रूड्रायव्हरची मूठ हिरवी, पिवळ्यांची पिवळी, आणि पिवळ्या मुठीचं हत्यार हिरव्यांच्या खोलीत सापडलं तर चौकशी बसायची. दोन्हीकडे एकाच दिवशी काम निघत नसे. कँटीनमधली बाकंही निराळी. परवाना द्यायला येणारे अधिकारीसुद्धा दोन : एक हिरव्यांना तपासायचा, दुसरा पिवळ्यांना, आणि परतीच्या गाडीत दोघं हवापाण्याचंच बोलायचे.

आता गंमत पाहा. एवढी ताटातूट ज्यांनी करून ठेवली होती, त्यांनीच एका आईच्या पोटी एकाच पहाटे जन्मलेले दोन जुळे भाऊ कामाला ठेवले होते. थोरला पिवळ्यांत, धाकटा हिरव्यांत. एका जुन्या अधिकाऱ्याने त्यावर बोट ठेवलं होतं. तेव्हा केंद्राचे मोठे साहेब हसून म्हणाले होते, "अहो, ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. सख्खे भाऊ आणि अबोला! याहून पक्कं वेगळेपण तुम्हाला कुठे मिळणार?" अधिकारीही हसले, चहा आला, विषय मिटला.

अबोला खराच होता. वडील आजारी होते, आई दोन दिवसांसाठी मावशीकडे गेली होती, आणि त्या संध्याकाळी थोरल्याला वाटलं धाकटा बाबांजवळ आहे, धाकट्याला वाटलं थोरला आहे. बाबा गेले तेव्हा घरात कोणीच नव्हतं. दारात माणसं जमलेली असताना दोघांनी एकमेकांना एकच प्रश्न केला, "तू होतास ना?" आणि तोही एकदमच. त्यानंतर एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानावर गेला नाही. आईला भेटायलाही दोघं आलटूनपालटून जात. एकाचा दिवस असला की दुसरा त्या गल्लीला फिरकत नसे.

त्या वर्षी परवान्याची मुदत संपत आली आणि दोन अधिकाऱ्यांपैकी एक आजारी पडला. आल्या त्या एकट्या इन्स्पेक्टर बाई. ठेंगण्या, आवाज मऊ, चष्मा गळ्यात दोरीला लोंबणारा. हिरव्यांचं काम त्यांनी आठवड्याच्या सुरुवातीला पाहिलं आणि मग एक दिवस मध्ये जाऊ देऊन त्या पिवळ्यांकडे आल्या. इतक्या वर्षांत दोन्हीकडचं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारं त्या केंद्रातलं ते पहिलं माणूस, हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

थोरल्याचं काम जुळवणीचं. भट्टीचा जोर ठरल्या रेषेपुढे गेला की झडपांना हुकूम देणारी जी यंत्रं असतात, त्यांना तो खोटा इशारा द्यायचा, इशारा हळूहळू चढवत न्यायचा, यंत्र 'टक्' करून कुठे जागं होतं ते पाहायचं, आणि स्क्रू फिरवून ती जागा नेमकी रेषेवर आणायची. मग वरून नट आवळायचा आणि लाखेचं सील. हात असा बसलेला, की त्याच्याबरोबर काम करणारा जोडीदार, ज्याला सगळे रेडिओ म्हणत, तो बडबड करता करता काटा बघायचंही विसरायचा.

"झालं बाई," थोरला हात पुसत म्हणाला.

"पुन्हा करता?"

"चुकलं काय?"

"नाही. मला पुन्हा पाहायचंय."

त्याने सील फोडलं, पुन्हा केलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"नट आवळायच्या आधी काय केलंत?"

"काही नाही. नेमका आणला आणि आवळला."

"नेमका आणलात, आणि मग केसभर मागे घेतलात."

"छे हो बाई!"

"घेतलास की," रेडिओ मध्येच बोलून गेला, आणि मग जीभ चावली. "म्हणजे… नेहमीच घेतोस. मला वाटलं, तुझी ती स्टाइल आहे."

थोरल्याने आपल्या हाताकडे पाहिलं. परक्याची वस्तू चुकून आपल्या पिशवीत आलेली पाहावी, तसं.

"केसभरच आहे," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "चालतं तेवढं. यंत्र किंचित उशिरा जागं होईल, पण हद्दीत. तुमच्या एकट्याचं असतं तर मी कागदावरही घेतलं नसतं." त्या थांबल्या. "पण मागे घेताना तुम्ही डोळे मिटलेत, आणि मान डाव्या खांद्याकडे कलली. परवा हिरव्यांकडे ज्यांचं काम पाहिलं, त्यांनीही नट आवळायच्या आधी स्क्रू केसभर मागे घेतला. डोळे मिटले. मान डावीकडे."

रेडिओ गप्प झाला. रेडिओ गप्प झाला की त्या खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायचा, आणि तो कोणालाच ओळखीचा नव्हता.

बाईंनी मग सगळं खणून काढलं. दोघांना शिकवणारे कोण? वेगळे, वेगळ्या शहरांतले. यंत्रं कोणाची? वेगळ्या कंपन्यांची. एकाच्या यंत्राचा स्क्रू उजवीकडे फिरवून मागे येतो, दुसऱ्याचा डावीकडे. म्हणजे नुसती हाताची खोड म्हणावी तर तीही जुळेना. हात उलटे फिरत होते आणि मागे येणं मात्र सारखं. दोन्ही रीती एकाच बाजूला, एकाच मापाने ढिल्या पडत होत्या. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी दोघींनी मिळून उशीर करू नये, यासाठीच तर त्यांना जन्मभर एकमेकींपासून लपवून ठेवलं होतं.

"सामाईक काहीतरी आहे," बाई म्हणाल्या. "ते सापडल्याशिवाय सही नाही."

प्रशिक्षणाच्या इमारतीत शेजारशेजारच्या दोन खोल्या होत्या. मधली भिंत जाड, दारांना काचेची छोटी चौकट, पुढे व्हरांडा. जेवणाची सुट्टी संपल्यावर, लख्ख उन्हात, थोरल्याला एका खोलीत बसवलं. पुढ्यात सरावाचं यंत्र. दुसऱ्या खोलीत कोण आहे ते कोणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. बाई व्हरांड्यात मधोमध उभ्या राहिल्या, जिथून दोन्ही काचा दिसत.

थोरल्याला भाऊ दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त बाईंचा चेहरा.

त्याने यंत्र चालू केलं. बाईंची मान त्याच्याकडून पलीकडे वळली आणि परत आली. त्याने नाक खाजवलं. मान झटकन पलीकडे, झटकन इकडे. त्याने खिशातून रुमाल काढला. पुन्हा तेच. टेनिसचा खेळ पाहणाऱ्या माणसासारखी बाईंची मान हलत होती, पण खेळ पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं तसलं काही त्या चेहऱ्यावर नव्हतं. हळूहळू मान वळायची थांबली. बाई नुसत्या समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. कुठल्या काचेत पाहिलं तरी तेच दिसणार असेल, तर बघायचं कशाला?

थोरल्याला राग आला. मी माझा मालक आहे की नाही? आयुष्यात कधी केलं नसेल असं काहीतरी करायचं त्याने ठरवलं. उजव्या पायातला बूट काढला आणि टेबलावर, यंत्राच्या शेजारी ठेवला. बाईंचा हात तोंडाशी गेला. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि मुद्दाम जमिनीवर टाकला. तो वाजला, आणि भिंतीपलीकडूनही तसाच वाजला. मागे नाही, पुढे नाही, त्यातच मिसळून. दोन आवाज आहेत हे कळायलासुद्धा त्याला कान लावून, मनातल्या मनात ते पुन्हा ऐकावं लागलं.

एका पायात बूट, एक पाय नुसता, असा तो भिंतीपाशी गेला. आता ठोठावून बघावं. त्याने मूठ उचलली आणि ठोठावलं. पण पलीकडून कोणी ठोठावतंय का, ते त्याच्याच ठोठावण्यात बुडून गेलं. म्हणून तो थांबला. थांबला तर पलीकडेही शांत. ऐकायला गप्प राहावं, तर तोही ऐकायला गप्प. थोरल्याने भिंतीला कान लावला. गार भिंत. आणि त्याला अगदी खात्रीने कळलं, की पलीकडे त्याच उंचीवर, त्याच जागी, दुसरा एक कान भिंतीला टेकलेला आहे.

मोठ्या साहेबांच्या खोलीत बाईंनी पाणी मागितलं आणि प्यायल्या नाहीत. दोन खुर्च्यांवर दोन भाऊ, दोघं खिडकीबाहेर बघत.

"सामाईक दोष सापडला," त्या म्हणाल्या. "तो तुम्ही दोघं आहात."

"मग एकाला काढतो," साहेब म्हणाले. "सोपं आहे."

"सोपं नाही, साहेब. एक गेला आणि राहिलेल्याचा हात तसाच मागे आला, तर तो गेलेला माणूस या हातात शिल्लकच आहे. सुरक्षेच्या कामावर एकाने राहायचं. जो राहील त्याला मी पुन्हा बसवीन. हात मागे आला नाही तर सही. आला, तर दोघंही नाहीत."

"दोघंही गेले तर नवी माणसं तयार व्हायला वर्ष जाईल. तोवर भट्टी बंद ठेवावी लागेल मला!"

"ठेवावी लागेल."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "कोणी जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. सोमवारी सकाळी मला एकाचा अर्ज पाहिजे. एकाचा. ऐकलंत?"

"ऐकलं," दोघं म्हणाले, आणि साहेब खुर्चीत जरा मागे सरकले.

दुसऱ्या दिवशी आईकडे जायचा दिवस थोरल्याचा होता. आईच्या डोळ्यांवर साय आली होती. माणसं तिला सावल्यांसारखी दिसत, आणि हाताला लागली की मग खरी होत. तिने त्याचं मनगट चाचपलं.

"आज कोण?"

"थोरला गं."

"बस. दमलास?"

"गुडघा दुखतोय. पावसाळी हवा आहे म्हणून असेल."

आईची बोटं त्याच्या मनगटावर थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. काल तो म्हणाला, गुडघा दुखतोय, पावसाळी हवा आहे म्हणून असेल."

"जुळ्यांचे गुडघेही जुळे, आई," तो हसण्यावारी नेत म्हणाला.

"हेही म्हणाला."

थोरल्याचं हसू ओठांवरच वाळलं. त्याने खोलीभर नजर फिरवली. ज्याच्याबद्दल कोणी बोलणार नाही असं काहीतरी शोधत. "आई, कोपऱ्यात मुंग्या फार झाल्यात."

"त्या कोपऱ्यात मुंग्या नाहीत रे. काल त्यानेही अशाच शोधून काढल्या होत्या." तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "किती दिवस झाले, मी सांगत नव्हते कोणाला. सगळ्यांना वाटेल म्हातारीला भ्रम झाला. मला एकच मुलगा रोज भेटायला येतो असं वाटतं. पहिल्यांदा बरं वाटायचं, की चला, अबोला आहे पण मनं एक आहेत. आता भीती वाटते. दोन पोरं दिली होती मला देवाने. दुसरा कुठे गेला?"

घरी बायकोने विचारलं, "काय ठरवलंत?"

"मीच सोडतो. त्याची मुलगी अजून शिकतेय."

"आणि आपला मुलगा काय नोकरीला लागलाय?" ती फणकारली. मग त्याचा चेहरा पाहून खाली बसली. "बघा बाई. तुमचा जीव आहे त्या यंत्रांत. घरी बसून माझ्या मिक्सरचे स्क्रू मोजत बसाल."

सोमवारी अर्ज खिशात घालून थोरला पिवळ्यांच्या फाटकातून आत आला. मोठं मोकळं पटांगण, मध्ये साहेबांची इमारत, पलीकडे हिरव्यांचं फाटक. त्या फाटकातून एक माणूस येत होता, आणि त्याचा हात छातीवरच्या खिशावर होता. थोरल्याने खाली पाहिलं. त्याचाही तिथेच होता.

तो थांबला. पलीकडचा थांबला. हा सोडतोय, तर मग आपण कशाला, असं मनात येताच थोरला वळला. मान फिरवून पाहतो तो पलीकडचाही वळून, मान फिरवून पाहत होता. मग आपणच जावं म्हणून हा फिरला, तर तोही फिरला. पहारेकरी केबिनमधून ओरडला, "अहो, कवायत चाललीय काय?" कोणी हसलं नाही. आरशासमोर उभं राहून आपल्याच प्रतिबिंबाला आधी जाऊ द्यायचं म्हटलं, तर जन्म सरेल. शेवटी दोघंही आपापल्या फाटकातून बाहेर पडले. साहेबांच्या टेबलावर त्या सकाळी एकही अर्ज आला नाही, आणि बाईंचा निरोप आला : उद्या दुपारी मी निघते.

थोरला बाहेर पडला आणि चालत राहिला. पाय कुठे नेताहेत ते त्याने पाहिलंच नाही. आईची गल्ली लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आज दिवस धाकट्याचा. आत्तापर्यंत एकदाही त्याने तो नेम मोडला नव्हता. परत फिरावं असं वाटलं, आणि त्याच वाटण्याची त्याला भीती वाटली. त्याने दार ढकललं.

धाकटा आईपाशी बसला होता. दोघांची तोंडं एकदम उघडली.

"मी तुला—"

दोघं थांबले.

"तू बोल—"

पुन्हा थांबले. आईने मान वर केली. तिच्या धूसर डोळ्यांपुढे दोन सावल्या होत्या आणि कानांना आवाज एकच येत होता. तिचा चेहरा आधी फुलला, मग उतरला.

"एकाने गप्प बसा रे."

दोघं गप्प. पंखा फिरत राहिला. कोणी एक गप्प राहणार म्हणून दुसरा बोलेल, अशी वाट दोघंही बघत होते.

"इकडे या," आई म्हणाली. "जवळ. बसा खाली."

तिने हात पुढे केला. कुठला कोण, ते तिला दिसत नव्हतं आणि तिने विचारलंही नाही. हाताला जो आधी लागला त्याच्या तोंडावर तिने आपला तळवा घट्ट दाबून धरला. तो थोरला होता.

"हा गप्प," ती म्हणाली. "आता तू बोल. थांबायचं नाही."

धाकटा बोलू लागला. आधी अडखळत, मग सरळ.

"त्या संध्याकाळी मी बाबांकडे आलो होतो. गल्लीच्या तोंडाशी. खिडकीत दिवा दिसला. वाटलं, हा आत आहे. दोघांनी कशाला एका वेळी बसायचं, म्हणून परत गेलो. पायरीवर पाय ठेवला असता तर कळलं असतं."

तळव्याखाली थोरल्याचे ओठ हलत होते. तो बोलत नव्हता. ओठच बोलत होते. गल्लीच्या तोंडाशी. दिवा दिसला. तो आत आहे. तोही दुसऱ्या बाजूने आला होता, तोही तोच दिवा पाहून फिरला होता, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. आईच्या तळव्याला ते ओठ लागत होते, धाकट्याच्या शब्दागणिक, जराही मागेपुढे न होता. तिने हात काढला नाही.

"आणि तेव्हापासून तसंच चाललंय," धाकटा म्हणाला. "स्क्रू नेमका जागी आला की वाटतं, एवढं कशाला आवळून धरायचं? पलीकडे तो आहे ना. माझे गज नाही पडले तर त्याचं विष आहे. सगळं माझ्याच अंगावर थोडंच आहे. असं वाटतं आणि बरं वाटतं. जरा टेकल्यासारखं. डोळे मिटतात. हात मागे येतो ते मला खरंच कळत नाही. टेकतो मी त्याच्यावर. बोलत नाही, तोंड बघत नाही, आणि टेकतो."

थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी आईच्या बोटांवर उतरलं. ओठ मात्र चालूच होते. तो आहे ना. टेकतो मी. धाकट्याचा श्वास संपला तिथे त्याचा संपला, धाकट्याने आवंढा गिळला तिथे त्याने गिळला. भिंत आता नव्हती, मध्ये फक्त आईचा हात होता, आणि थोरल्याला कळेना की या खोलीत आपण नेमके कुठे बसलोय. हाताच्या अलीकडे की पलीकडे.

"आता मला टेकायचं नाही," धाकटा म्हणाला. त्याने थोरल्याकडे पाहिलं. "मी सोडतो, दादा."

आईच्या तळव्याखालचे ओठ थांबले.

त्या शब्दाला थोरल्याच्या तोंडात जागाच नव्हती. त्याला दादा नव्हता. जन्मात कोणाला त्याने तशी हाक मारली नव्हती. ती हाक फक्त त्याच्याकडे येत आली होती, आणि कित्येक वर्षांत तीही आली नव्हती. ओठ उघडे राहिले. त्यांना पुढचं काही सापडेना. पायऱ्या उतरत असताना एक पायरी कमी निघावी तसं त्याचं काळीज हललं.

"थांबला," आई हळूच म्हणाली. तिने तळवा दाबून पुन्हा पाहिलं. "हा बोलत नाहीये. हा ऐकतोय." आणि दुसरा हात लांब करून तिने धाकट्याचं डोकं शोधलं, केसांतून बोटं फिरवली, जसं काही ते आताच कुठून तरी घरी आलं होतं.

तिने हात काढल्यावर थोरल्याने आपल्या ओठांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "सोड." आवाज त्याचा त्यालाच घोगरा वाटला. "मी राहतो. मला ते काम सोडवत नाही रे."

"मला माहीत नव्हतं," धाकटा म्हणाला. "मला तर ते कधी आवडलंच नाही."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. समोर बसलेल्या माणसाच्या मनात आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी आहे, या गोष्टीने त्याला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी, रस्त्यात हात सुटलेल्या पोरासारखी धास्तीही.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी बाईंनी त्याला यंत्रापुढे बसवलं. सरावाच्या नव्हे, खऱ्या. हिरव्यांकडे आता कोणीतरी दुसरा होता. कोण, ते त्याने विचारलं नाही. रेडिओने शपथेवर तोंड बंद ठेवलं होतं आणि त्या कष्टाने त्याचा चेहरा लाल झाला होता. थोरल्याने इशारा चढवत नेला. 'टक्'. स्क्रू नेमका जागी आला. तिथे, रोजच्या जागी, हात थांबला. त्याने डोळे उघडे ठेवले. पलीकडे रेलायला हात गेला आणि तिथे काहीच नव्हतं. भिंत काढून नेलेल्या घरासारखं, वारा सरळ आत येणारं. असं वाटलं, की साऱ्या भट्टीचा भार या एका स्क्रूवर आहे आणि स्क्रू आपल्या एकट्याच्या बोटांत आहे. त्याने नट आवळला.

बाईंनी तपासलं. पुन्हा तपासलं. मग चष्मा काढून दोरीवर सोडला.

"हं," त्या म्हणाल्या. "हा तुमचा हात आहे."

सही झाली. रेडिओने एवढा मोठा श्वास सोडला, की लाख वितळवायची मेणबत्ती विझली, आणि मग जो बोलायला लागला तो थांबेना. थोरला त्याला तसाच बोलत ठेवून बाहेर आला. ऊन होतं. लोक जेवायला निघाले होते, हिरवे एका वाटेने, पिवळे दुसऱ्या. तो भिंतीच्या सावलीत उभा राहिला.

या घटकेला धाकटा काय करत असेल?

त्याने मनात पाहिलं, आणि मनात काही नव्हतं. आजवर त्याने हा प्रश्न कधी स्वतःला विचारलाच नव्हता. विचारायची गरजही पडली नव्हती. राग असताना, अबोला असताना, आत कुठेतरी ते आपोआप भरलेलं असायचं. आता तिथे कोरी जागा होती. जेवत असेल, झोपला असेल, रस्ता ओलांडत असेल. काहीही. कुठेही.

त्याने मोबाइल काढला. धाकट्याचा नंबर मुलाने कधीतरी भरून ठेवलेला होता, त्यावर त्याने अंगठा टेकवला आणि कानाशी धरला. दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना लावला असता, तर एंगेज लागला असता. तो त्या आवाजाची वाट बघत राहिला.

एंगेज लागला नाही. घंटी वाजली. पुन्हा वाजली. पलीकडे कुठेतरी, त्याला दिसत नसलेल्या एखाद्या खोलीत, ती एका दुसऱ्या माणसासाठी वाजत होती, आणि तो माणूस उचलेल की नाही, हे थोरल्याला मुळीच माहीत नव्हतं. तो श्वास धरून ऐकत राहिला.